बिझनेस प्लॅनमध्ये आईची सुट्टी लिहिलीत का?

मागच्या व्हिडिओत आपण महिन्याचा ठरलेला खर्च कसा काढायचा ते बघितलं. त्यातला एक खर्च मी मुद्दाम मागे ठेवला होता.

प्रत्येक बॅचला मी विचारतो, घरी अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का? चार-पाच हात वर होतात. त्यांचं कोण करतं? "आई आहे ना घरी." "मिसेस बघते." कागदावर खर्च शून्य. माझं स्पष्ट मत आहे, हा शून्य खोटा आहे. मी स्वतः तोच लिहिला होता.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, त्याच वर्षी मी शेजारचा गाळा घेऊन हार्डवेअरचं दुकान वाढवलं. कूस बदलणं, भरवणं, डायपर, रात्री दोनदा उठणं, सगळं आईवर. महाराष्ट्रात 2017 च्या कायद्याने ठरावीक संख्येइतके किंवा जास्त कामगार असतील तर प्रत्येकाला आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी द्यावी लागते. माझ्याकडे दोनच पोरं, तरी त्यांना सोमवार सुट्टी. आईला चौदा महिन्यांत एकही नाही.

एक दिवस तिने ताट आपटलं. बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसली. मी काय केलं? ट्रेनर ना मी! म्हटलं, सकाळी फिरायला जात जा, योगा कर. ती म्हणाली, "तेवढा वेळ यांच्याजवळ कोण बसणार, तू?"

मग गुरुवारी दुपारी तीन ते सात एक ताई लावल्या. पैसे गाळ्याच्या भाड्याखालीच लिहितो. धंदा मंद असला तरी ती ओळ कापत नाही. पहिले तीन गुरुवार आई घरातच थांबून शिकवत होती. औषधांच्या वेळा, भरवताना ताठ बसवायचं, उठवताना लुळा हात ओढायचा नाही, हे सगळं कागदावर लिहून भिंतीला लावलं. "परक्या बाईच्या हाती देऊन भिशीला जाऊ?" हे तिचं मात्र बरेच दिवस चाललं. तिथे वाद घालून उपयोग नसतो. मी आता नुसतं ऐकतो, सल्ला देत नाही. (अवघड जातं, खरं सांगतो.)

घरच्यांशी बोलता येत नसेल तर 14416 हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. त्यासाठी वेड लागावं लागत नाही, थकलेल्यानेही फोन करावा.

आणि रोज दुकान वाढवल्यावर रात्रीची बाबांची पाळी माझी. त्यासाठी नवीन माणूस लागला नाही, फक्त मोबाईल खाली ठेवावा लागला.

गेल्या गुरुवारी आई सातला येते म्हणाली, आली साडेआठला. ताई थांबल्या होत्या, दीड तासाचे जादा पैसे मी दिले. बाबा थोडे रुसले होते. आईने पिशवीतून त्यांच्यासाठी मऊ पेढा काढला आणि मला म्हणाली, "पुढच्या गुरुवारी सिनेमाला जायचं ठरलंय आमचं."