रेंज फुल, पण नेट नाही

रायगडच्या किनारपट्टीवर कॉलेजचे वाय-फाय ही चैन नव्हे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ धडकले तेव्हा श्रीवर्धन-मुरूडकडे वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद होते. एरवीही डोंगराआडच्या वाडीत रेंजचा भरवसा नसतो. तिथून लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा अलिबाग-रोह्याच्या कॉलेजात आलेल्या मुलांचा बराच अभ्यास कॅम्पसच्या नेटवर चालतो. म्हणून "रेंज फुल आहे, पण नेट येत नाही" ही तक्रार कुठल्याही कॉलेजात आली, तरी ती मनावर घ्यायला हवी.

अशा वेळी पहिल्यांदा सुचते ते नवे ॲक्सेस पॉइंट बसवणे. पुष्कळदा त्याने काहीच सुटत नाही. फोन जोडला गेला तरी त्याला आयपी पत्ता मिळावा लागतो, आणि नेहमीच्या मांडणीत एका गटात 254 उपकरणांपुरतेच पत्ते असतात. दोनशे मुलांचे वसतिगृह धरा. प्रत्येकाकडे फोन, निम्म्यांकडे लॅपटॉप. झाली 300 उपकरणे.

त्यात एसटीतल्या रुमालासारखे होते. सर्व्हर पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो. मुलगा शनिवारी गावी गेला, तरी मुदत संपेपर्यंत त्याचा रुमाल सीटवर तसाच. विंडोज सर्व्हरमध्ये ही मुदत मुळातच 8 दिवसांची असते. प्रयोगशाळेतल्या संगणकाला ती चालते, खिशातल्या फोनला नाही. शिवाय आजचे फोन गोपनीयतेसाठी स्वतःची खरी ओळख लपवतात, काही तर ती अधूनमधून बदलतात. मुलगा तोच, रुमाल दुसरा.

मग मुदत तासाभरावर आणावी का? वाचनालयात आणि कॅन्टीनमध्ये जरूर आणावी. वसतिगृहात मात्र थांबून विचार करावा. पावसाळ्यात वीज गेली आणि सर्व्हर तासभर बंद पडला, तर इन्व्हर्टरवर ॲक्सेस पॉइंट चालू असूनही सगळी इमारत नेटबाहेर जाईल. तिथे आठ तासांची मुदत मला रास्त वाटते.

दर मुलामागे एकच उपकरण, हा नियम मला पटत नाही. त्यामागची अडचण खरी आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार संगणक यंत्रणेच्या नोंदी (लॉग) 180 दिवस जपाव्या लागतात, आणि उपकरणे कमी तर नोंदी सोप्या. पण फोनवर व्याख्यान आणि लॅपटॉपवर प्रोग्रॅम, ही अभियांत्रिकीची साधी गरज आहे. ती तोडून हिशेब जुळवण्यात अर्थ नाही, कारण आतल्या पत्त्यांचा खरा दुष्काळ नाहीच. खासगी वापरासाठी राखलेले, 10 ने सुरू होणारे पत्ते 1 कोटी 67 लाखांहून जास्त आहेत. गट 1,022 उपकरणांचा करता येतो. फार मोठा केला तर सगळ्यांना उद्देशून जाणारे संदेश हवेतली जागा खातात, म्हणून इमारतीगणिक वेगळा गट बरा.

खरा दुष्काळ बाहेरच्या बाजूला, म्हणजे इंटरनेटवरच्या सार्वजनिक पत्त्यांचा आहे. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे 3 फेब्रुवारी 2011 रोजी वाटले गेले. आशिया-प्रशांत विभागात त्याच वर्षीच्या 15 एप्रिलपासून रेशनिंग सुरू झाले, आणि 2019 पासून नव्या सभासदाला जास्तीत जास्त 512 पत्ते मिळतात. त्यामुळे अख्खे वसतिगृह एका सार्वजनिक पत्त्याआड उभे राहते. एकाने आगळीक केली आणि एखाद्या संकेतस्थळाने तो पत्ता अडवला, की परीक्षेचा फॉर्म भरणारी मुलेही अडकतात.

यावरचा टिकाऊ उपाय आयपीव्ही6, म्हणजे पत्त्यांचा तुटवडा नसलेली नवी आयपी पद्धत. 2016 मध्ये आलेल्या जिओमुळे मुलांचे फोन तो रोज वापरतात. त्याबद्दलची कॉलेजच्या संगणक केंद्राची धास्तीही पोकळ नाही. अँड्रॉइड फोन वर्षानुवर्षे सर्व्हरने नेमून दिलेला आयपीव्ही6 पत्ता न घेता स्वतःच तयार करत आले, म्हणून नोंदी ठेवण्याची रीत बदलावी लागते. फायरवॉलचे नियमही दोनदा लिहावे लागतात, आणि हे करायला माणसे मोजकीच असतात.

तेव्हा मुदत आणि गट यांची फेरमांडणी याच सुट्टीत व्हावी. तिला खर्च जवळजवळ नाही. आयपीव्ही6 आधी एका इमारतीत, नोंदींची व्यवस्था नीट बसेपर्यंत चालवावा. आणि पुढच्या खरेदीच्या निविदेत, आयपीव्ही6 पूर्ण न चालणारे एकही उपकरण स्वीकारणार नाही, अशी अट आजच घालावी.