ब्रेक यांचा, कान शेजाऱ्याचे

ज्यांच्या हाती सेमी-ऑटोमॅटिक रायफल या जन्मी लागणार नाही, ती मंडळी तिच्या नळीच्या टोकाला बसणाऱ्या, धक्का कमी करणाऱ्या मझल ब्रेकवर निकाल देत सुटली आहेत. तेही टक्केवारीसकट! पुण्यात कर्वेनगरातल्या कुठल्याही अमृततुल्यासमोर संध्याकाळी दहा मिनिटं उभे राहा. एक म्हणतो, अमक्याचा ब्रेक धक्का साठ टक्के मारतो. दुसरा म्हणतो, तमक्याचा सत्तर. तिसरा मोबाइल काढून अमेरिकेतल्या कुणा दाढीवाल्याचा व्हिडिओ लावतो आणि वाद मिटला असं जाहीर करतो. खांद्याला दस्ता कधी कुणी लावलाय? कुणीच नाही. पब्जीत लावलाय. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने तो खेळ बंद केला, पुढच्या वर्षी तो नाव बदलून परत आला, आणि मधल्या काळात या पोरांना आपण शस्त्रतज्ज्ञ झाल्याचा साक्षात्कार झाला.

आधी कायदा, कारण तो दोन ओळींत संपतो. 2016 च्या शस्त्र नियमांत सेमी-ऑटोमॅटिक रायफली निषिद्ध वर्गात आहेत. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय त्या बाळगता येत नाहीत. बाराचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी उपकरणंही त्याच वर्गात बसवली आहेत. आता गंमत बघा. मझल ब्रेक यातलं काहीच कमी करत नाही, उलट वाढवतो. म्हणजे जगातल्या इतक्या जोडण्यांमधून या पंडितांचं प्रेम जडलं ते नेमकं गोंगाट वाढवणाऱ्या जोडणीवर. पुण्याच्या रस्त्यांवर वाढलेल्या मुलांकडून दुसरी काय अपेक्षा करायची?

आता ती टक्केवारी. नाटोचं 7.62 बाय 51 काडतूस घ्या. गोळी साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, दारू तीन ग्रॅमच्या आसपास. दारू जळून तिचा वायू होतो आणि तो गोळीपाठोपाठ नळीतून बाहेर पडतो, गोळीहून कितीतरी जास्त वेगाने. खांद्याला बसणारा धक्का या दोघांचा मिळून असतो. ढोबळ हिशेबाने दोन तृतीयांश गोळीचा, एक तृतीयांश वायूचा. गोळी गेली की तिचा हिशेब संपला. कुठल्याही कंपनीचा, कितीही भोकांचा ब्रेक तो वाटा परत आणू शकत नाही. त्याच्या हाती फक्त वायू. तो बाजूला वळवला तर वायूचा वाटा घटतो, मागे वळवला तर त्याहून थोडं जास्त साधतं. बस्स. आणि ज्या काडतुसात दारूच कमी, तिथे ब्रेकला वळवायला वायूही कमी.

मग हे साठ-सत्तर येतात कुठून? अकरावीच्या भौतिकशास्त्रातून. धक्क्याचा संवेग 30 टक्क्यांनी कमी झाला, तर रायफल मागे येण्याची ऊर्जा 51 टक्क्यांनी कमी होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. ब्रेक तोच, बार तोच, एका मापाने तीस आणि दुसऱ्या मापाने एक्कावन्न. विकणाऱ्याला यातला कुठला आकडा आवडेल, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुलना करणाऱ्याने तरी विचारावं ना, की बाबा, हे टक्के संवेगाचे की ऊर्जेचे? रायफलीचं वजन किती धरलं? काडतूस कुठलं? आजूबाजूला अभियांत्रिकी महाविद्यालयांची रांग लागलेल्या उपनगरात हा प्रश्न कुणाला पडू नये, याचा मला मनापासून राग येतो.

बरं, ज्यांना हे खरोखर कळतं ती माणसं काय चंद्रावर राहतात? पाषाणला एआरडीई आहे, संरक्षण खात्याची शस्त्रास्त्र संशोधन संस्था. कर्वेनगरातून स्कूटरवर जाता येईल इतक्या अंतरावर. याच संस्थेने 155 मिलिमीटरची अटॅग्ज तोफ घडवली. मार्च 2025 मध्ये अशा 307 तोफांचा करार झाला आणि त्यातला मोठा वाटा पुण्याच्याच भारत फोर्जकडे आला. त्या तोफेच्या टोकाला मझल ब्रेक आहे. याच संस्थेने अर्जुन रणगाड्याची 120 मिलिमीटरची तोफही घडवली. तिच्या टोकाला ब्रेक नाही. संस्था एक, शहर एक, तोफा दोन, निर्णय उलटे. का?

कारण तिथे फुशारकीवर काम चालत नाही. ओढून न्यायची तोफ फार जड करून चालत नाही; तिच्या गाड्यावर येणारा धक्का कमी करायलाच हवा, म्हणून ब्रेक. अर्जुन अठ्ठावन्न टनांहून जड, तो धक्का पचवतो. शिवाय त्याच्या चिलखतभेदी बाणाभोवतीचं आवरण नळीबाहेर पडताच पाकळ्यांसारखं सुटतं. तिथे ब्रेकचे पडदे आड आले तर नेमच बिघडायचा. बाजूला फेकलेल्या वायूने धुरळा उठतो, तोफचालकाला समोरचं दिसत नाही आणि शत्रूला रणगाड्याचा पत्ता लागतो. शेजारून चालणाऱ्या पायदळाचे कान जातात ते वेगळंच. म्हणून ब्रेक नाही. आमचे पंडित मात्र ‘सगळ्यात भारी ब्रेक कुठला’ विचारतात. कशासाठी भारी, कुणाच्या हातात, हे विचारतच नाहीत.

माझा खरा आक्षेप त्या शेजारून चालणाऱ्याच्या कानांवरून आहे. रायफलीचा बार मुळातच 140 डेसिबलच्या वर जातो, आणि त्या पातळीला एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. ब्रेक काय करतो? पुढे जाणारा तो दणका बाजूला आणि मागे वळवतो. म्हणजे खांदा वाचला नेम धरणाऱ्याचा, आणि मार बसला शेजारच्या जागेवर उभ्या असलेल्याला. तुलनेच्या एवढ्या गप्पांत या शेजाऱ्यासाठी एक रकाना कुणी ठेवलेला मी पाहिलेला नाही. बुलेटचा मूळ सायलेन्सर काढून मध्यरात्री कमिन्स कॉलेजच्या रस्त्याने फटफटत जाणाऱ्याची वृत्ती अगदी हीच. मजा माझी, कान तुझे. मला या वृत्तीची शिसारी येते, मग ती दोन चाकांवर असो की दस्त्यामागे.

आणि नेमबाजी? ती यांच्या खिजगणतीतही नाही. 1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं. सराव आपल्या बालेवाडीत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत रायफलीवर मझल ब्रेक आणि त्याचा भाऊबंद कॉम्पेन्सेटर दोन्ही वर्ज्य आहेत. शिवाय .22 च्या काडतुसाचा धक्का तो काय? तिथे झगडा असतो तो श्वासाशी, नाडीच्या ठोक्याशी, चाप ओढणाऱ्या बोटाशी. त्याची जाहिरात होत नाही, म्हणून टपरीवर त्याची चर्चा नाही.

यातला एखादा महाभाग शेवटी .177 ची एअरगन घेतो. वीस ज्यूलच्या आतली, तिला परवाना लागत नाही. आणि पहिलं काम काय करतो? तिच्या टोकाला मझल ब्रेक बसवतो! अरे, स्प्रिंगच्या एअरगनमध्ये दारूच नाही, तर वळवणार काय, डोंबल? धक्का येतो तो स्प्रिंग आणि दट्ट्याचा. ते नळकांडं फार तर नळी मोडून बंदूक भरताना पकडायला कामाला येतं.

तेव्हा, पोरांनो, खरंच शिकायचं असेल तर बालेवाडीला जा. मान्यताप्राप्त क्लबात नाव घाला, प्रशिक्षकासमोर उभे राहा, कानाला संरक्षण लावा आणि दहा मीटरच्या एअर रायफलपासून सुरुवात करा. ब्रेक विकत घ्यायची गरज तिथे कुणालाच पडत नाही.