डासाच्या बियाण्याचा धनी कोण?

पावसाळा ओसरू लागला की पुसदच्या घराघरांतील कूलर, रांजण आणि गच्चीवरच्या टाक्या यांत साठलेले पाणी चिंतेचा विषय होते. डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाची मादी अशाच पाण्यात अंडी घालते. या डासाचा बंदोबस्त डासाकडूनच करवून घेण्याचा प्रयोग जालना जिल्ह्यातील दावलवाडी येथे जानेवारी २०१७ मध्ये पिंजऱ्यांतून सुरू झाला होता. ब्रिटनमध्ये स्थापन झालेली ऑक्सिटेक आणि महिकोशी संबंधित जीबीआयटी या कंपन्या त्यामागे होत्या.

त्यामागील शास्त्र दुर्बोध नाही. डासाच्या अंड्यात सूक्ष्म सुईने एक कृत्रिम जनुक सोडले जाते व ते पुढील पिढ्यांत उतरते. त्याच्या प्रभावाने अळी प्रौढ होण्यापूर्वीच मरते. मात्र पाण्यात टेट्रासायक्लिन हे औषध असेल तर जनुक निष्प्रभ राहते. म्हणूनच प्रयोगशाळेत या डासांची पैदास करता येते. त्यांतील केवळ नर बाहेर सोडावयाचे. नर चावत नाही; आणि त्याची संतती औषधाअभावी बहुतांशी जगत नाही.

अर्थशास्त्राचा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. संततीच उरत नसल्याने नर पुनःपुन्हा सोडावे, म्हणजेच पुनःपुन्हा विकत घ्यावे लागतात. शिवाय डास कुंपण जाणत नाही; त्यामुळे एकटा गृहस्थ हा माल घेणार नाही, तो नगरपालिकेने वा शासनानेच घ्यावा लागेल. विक्रेता एक आणि ग्राहक सार्वजनिक तिजोरी, अशी ही बाजारपेठ होय.

यवतमाळच्या कापूस उत्पादकाला हा व्यवहार अपरिचित नाही. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली. आरंभी बोंडअळीपासून दिलासा मिळाला, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु संकरित बियाणे दरवर्षी विकत घेणे आले आणि पुढे गुलाबी बोंडअळी त्या विषालाही जुमानेनाशी झाली. २०१७ च्या हंगामात तिने केलेली हानी आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात घेतलेले बळी विसरण्याजोगे नाहीत.

मग तंत्रज्ञानच त्याज्य मानावे काय? मुळीच नाही. पुदुच्चेरी येथील आयसीएमआरच्या केंद्राने वोल्बाकिया जीवाणू असलेले एडिस डास तयार केल्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. त्यात जनुकबदल नाही. जीवाणू मादीकडून पुढील पिढीत जातो आणि विषाणूची वाढ रोखतो. तो एकदा रुजला की वारंवार खरेदीचे कारण उरत नाही. खाजगी मालाशेजारी सार्वजनिक संशोधनाचा पर्याय उभा असणे, हीच ग्राहकाची खरी सौदाशक्ती होय.

म्हणून कोणताही डास गावात सोडण्यापूर्वी स्वतंत्र चाचणी व्हावी, ग्रामसभेची संमती घ्यावी, आणि टाक्यांना झाकणे व वाहत्या नाल्या यांवरील खर्चाशी तुलना करून दहा वर्षांचा एकूण हिशेब जनतेपुढे ठेवावा. कापसाच्या बाबतीत हा हिशेब आपण पीक हातचे गेल्यावर मांडला. डासाच्या बाबतीत तो आधी मांडण्यास अद्याप अवसर आहे.