गाव सोडण्याचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की ज्या घरातील मुलाला किंवा मुलीला डॉक्टर व्हावयाचे असते, त्या घरात एकच चर्चा सुरू होते. अकरावी-बारावी कोठे करावयाची? जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात, लातूरला, की थेट राजस्थानातील कोट्याला? बहुतेक पालक या प्रश्नाचे उत्तर जाहिरातींत शोधतात. तेथे यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतात. त्याच वर्गांत बसून मागे राहिलेल्यांची संख्या मात्र कोठेही छापलेली नसते. २०२४ मध्ये ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या साधारण लाखभर.

लातूरचे नाव उगाच झालेले नाही. ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच शहरातील राजर्षी शाहू व दयानंद यांसारख्या महाविद्यालयांनी नियमित अध्यापन, जादा तास आणि वारंवार चाचण्या यांच्या बळावर ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर रूढ केला. यात गावाचा गुण कमी आणि शिस्तीचा अधिक आहे. ती शिस्त जेथे असेल, तेथे लातूर आहे.

खर्चाचा विचार करताना पालक शुल्काचा आकडा तेवढा पाहतात. खोलीचे भाडे, खाणावळ, येण्याजाण्याचा खर्च हे सारे नंतर उमगते. दोन वर्षांचा बेत पुष्कळदा तीन वर्षांवर जातो, कारण पहिल्या प्रयत्नात यश न मिळालेला विद्यार्थी पुन्हा बसतो. तेव्हा शेताचा तुकडा गहाण पडतो. आणि खरे शिक्षण तर पुढेच असते : साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता. उंबरठ्यावरच सारी पुंजी संपविणाऱ्या कुटुंबाने आत गेल्यावर काय करावे?

अंतराची आणखी एक किंमत आहे व ती फारच थोड्यांना ठाऊक असते. शासकीय महाविद्यालयांतील सर्वसाधारणपणे १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या असतात. महाराष्ट्रात या जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी राज्यातूनच उत्तीर्ण झालेली असावी, असा सामान्य नियम आहे, अपवाद थोडे. म्हणजे परराज्यातील शाळेतून बारावी केलेला विद्यार्थी आपल्याच राज्यातील बहुतांश जागांना मुकू शकतो. यावर नाव गावच्या महाविद्यालयात आणि विद्यार्थी परगावी, अशी पळवाट काढली जाते. मग प्रयोगशाळेचे तोंडही न पाहता प्रयोगवही पूर्ण होते! बेळगाव, इंदूर किंवा बडोद्याच्या मराठी कुटुंबांनी तर मुलांना महाराष्ट्रात पाठविण्यापूर्वी दोन्ही राज्यांची प्रवेश-माहितीपत्रके वाचलीच पाहिजेत.

कोट्यातील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांमुळे २०२३ च्या ऑगस्टमध्ये तेथील प्रशासनाला वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा आदेश द्यावा लागला. सोळा वर्षांखालील मुलांना खाजगी शिकवणीवर्गांत प्रवेश देऊ नये, असे केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचनांत सांगितले. त्या वयाच्या मुलाचे एकाकीपण शुल्काच्या पावतीवर लिहिलेले नसते.

तरीही जवळचे ते उत्तम, असे सरसकट म्हणता येणार नाही. काही कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखा केवळ फलकावर असते. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा रिकामी, प्रयोगशाळेला कुलूप. अशा ठिकाणी मुलाला ठेवणे ही काटकसर नव्हे. तेथून बाहेर पडावे. मात्र आधी जिल्ह्याच्या ठिकाणाचा विचार करावा, जेथून शनिवारी एस.टी.ने घरी येता येते. प्रवेशापूर्वी पालकांनी एखाद्या साध्या दिवशी, न कळविता, वर्ग भरलेला आहे काय हे पाहून यावे. मुलींच्या बाबतीत तर अंतराचे कारण पुढे करून शिक्षणच थांबविले जाते; जवळचे चांगले महाविद्यालय हा त्यांच्यासाठी काटकसरीचा नव्हे, संधीचा प्रश्न असतो.

नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ‘नीट’पासून दूर ठेवणारी तरतूद दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. ही परीक्षा मराठीतूनही देता येते आणि तिचे निम्मे गुण जीवशास्त्राला असतात. घरी राहून वाचन होईल, प्रात्यक्षिके मात्र घरी होत नाहीत. म्हणून नाव नोंदविण्यापूर्वी अभ्यासकेंद्र किती दूर आहे आणि तेथील प्रयोगशाळा खरोखर चालू आहे काय, हे त्यांनी स्वतः जाऊन पाहावे.