बनवलेली गाडी आणि बनावट गाडी

आपल्या बाजारात 'ओरिजिनल' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. घड्याळाच्या पट्ट्यापासून मोटारीच्या बेअरिंगपर्यंत प्रत्येक वस्तू दुकानदाराच्या तोंडी ओरिजिनलच असते. गिऱ्हाईकही आता त्या शब्दाला भुलत नाही. तो ऐकतो, हसतो आणि भाव पाडून मागतो. यात नुकसान होते ते खरा माल विकणाऱ्याचे आणि मन लावून काम करणाऱ्या कारागिराचे. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे दूरदेशीच्या एका धंद्याचे उदाहरण ठेवीत आहोत. अमेरिकेत जुन्या, साध्या सेडान मोटारीपासून त्या काळची पोलीस गाडी तयार करण्याचा छंद आहे आणि त्या छंदावर अनेक कारागिरांची चूलही पेटते. नक्कल करूनही ताठ मानेने कसे जगता येते आणि तीच नक्कल कोणत्या वळणावर लबाडी ठरते, हे या धंद्यात स्वच्छ दिसते.

आधी ही गाडी काय असते ते पाहू. १९५० च्या दशकात फोर्ड, शेव्हरोले, डॉज, प्लायमाउथ यांच्या गाड्या पोलीस खात्यासाठी खास सामानासह मिळू लागल्या. बाहेरून ती बाजारात मिळणारी चार दारांची सेडानच असे. फरक आत असे. जड स्प्रिंगा, दणकट ब्रेक, मोठा रेडिएटर, जादा करंट देणारा जनरेटर किंवा अल्टरनेटर, अचूक तपासून दिलेला स्पीडोमीटर आणि दिवसरात्र बसून न फाटणाऱ्या सीटा. १९७० च्या दशकातल्या काही डॉज आणि प्लायमाउथ पोलीस गाड्यांत तर ४४० घनइंचांचे, म्हणजे सुमारे ७.२ लिटरचे इंजिन होते.

अशा अस्सल गाड्या आज फार थोड्या उरल्या आहेत. त्या पाळ्यापाळ्यांनी अहोरात्र पळवल्या गेल्या, मग दिवे-भोंगे उतरवून लिलावात निघाल्या. काहींच्या टॅक्सी झाल्या आणि शेवटी बहुतेक भंगारात गेल्या. उलट एखाद्या घरची साधी सेडान जपून वापरली गेली आणि वाचली. हौशी संग्राहकांना हवी असते दोन दारांची किंवा उघड्या टपाची गाडी. चार दारांच्या साध्या सेडानला त्या मानाने भाव कमी. जिथे माल स्वस्त, मागणी वेगळी आणि मधले अंतर कसबाने भरायचे असते, तिथेच कारागिराचा नफा असतो.

पण हे कसब वाटते तितके सोपे नाही. पहिली गोष्ट म्हणजे गाडीची निवड. पोलीस खाती सरकारी पैसा जपून खर्च करीत, त्यामुळे ती कंपनीचे साधे मॉडेल घेत. फोर्डची कस्टम, शेव्हरोलेची बिस्केन, प्लायमाउथची फ्युरी वन ही अशी मॉडेले. कारागिराच्या हाती मात्र बऱ्याचदा त्याच गाडीचे महागडे, क्रोमच्या पट्ट्यांनी मढवलेले मॉडेल येते. मग काम उलट्या दिशेने सुरू होते. पट्ट्या काढायच्या, त्यांची भोके पत्रा भरून बुजवायची, टपावरचे रेक्झिन सोलायचे आणि त्याखालचा गंज साफ करायचा. शोभेच्या चाकांऐवजी साधी लोखंडी चाके आणि मधोमध बसणारी छोटी झाकणे लावायची. श्रीमंत गाडीला साधी करण्यातच इथे हुन्नर आहे.

पुढे येतो रंग. सगळीकडे काळा-पांढरा रंग होता असे समजणारा इथेच फसतो. मिशिगन राज्याच्या पोलिसांची गाडी निळी असते, तिच्या टपावर एकच लाल फिरता दिवा असतो आणि बॉनेटवर उभी पाटी. लॉस एंजेलिसची गाडी काळी-पांढरी. कोणत्या वर्षी, कोणत्या शहरात, दारावर कोणत्या आकाराचे अक्षर होते, याचे फोटो जमवल्याशिवाय जाणता पेंटर ब्रशला हात लावत नाही. काच आणि दार यांच्या मधल्या खांबाला भोक पाडून आतून फिरवता येणारा सर्चलाइट बसवतात. ते भोक एकदा पडले की परत फिरता येत नाही, म्हणून मोजमाप दहा वेळा करावे लागते. टपावरच्या दिव्यासाठी आतून पत्र्याला आधार द्यावा लागतो. जुना मोटरवर फिरणारा भोंगा सुरू होताना बॅटरीतून इतका करंट ओढतो की त्याला जाड वायर आणि वेगळा रिले लागतो. हेडलाइटच्या वायरीवर तो जोडला तर वायरिंग जळालेच समजा. आत गालिच्याऐवजी रबरी मॅट, डॅशबोर्डखाली वायरलेसचा छोटा डबा आणि डिकीत त्याचा मोठा डबा. एका गाडीवर डेंटर, पेंटर, कुशनवाला, वायरमन, क्रोमवाला आणि अक्षरे रंगवणारा, अशा सहा जणांची मजुरी निघते.

ही गाडी मग कमावते कुठे? सिनेमा आणि टीव्हीवाल्यांना ती भाड्याने लागते. 'ॲडम ट्वेल्व्ह' ही पोलिसांवरची मालिका १९६८ ते १९७५ चालली. तिच्यात आधी प्लायमाउथ बेल्व्हेडियर आणि पुढे एएमसी मॅटाडोर दिसली. १९८० च्या 'द ब्लूज ब्रदर्स' या चित्रपटातली १९७४ ची डॉज मोनॅको ही तर खात्याने विकून टाकलेली जुनी पोलीस गाडी म्हणूनच दाखवली आहे. या गाड्यांच्या हुबेहूब प्रती हौशी लोकांनी करून घेतल्या. नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या माउंट एअरी या गावाचे उदाहरण आम्हांस विशेष वाटते. 'अँडी ग्रिफिथ शो' या १९६० ते १९६८ च्या मालिकेच्या नायकाचे हे जन्मगाव. मालिकेतले मेबेरी हे गाव काल्पनिक आहे. तरी माउंट एअरीत फोर्ड गॅलॅक्सी गाड्या मेबेरीच्या पोलीस गाड्यांसारख्या सजवून त्यांत पर्यटकांना बसवतात आणि गाव दाखवतात. यात फसवणूक कोणाची होते? कोणाचीही नाही. गाडी बनवलेली आहे हे बसणाऱ्याला माहीत असते आणि तो खुशीने पैसे देतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. अस्सल पोलीस गाडी दुर्मिळ, म्हणून तिला भाव जास्त. मग साध्या सेडानला पोलीस गाडी बनवून 'ही खात्यातलीच आहे' असे सांगून विकण्याचा मोह होतो. हा मोह पकडायला तिकडे कागद आणि पत्रा दोन्ही कामी येतात. १९७० च्या आसपासच्या प्लायमाउथ आणि डॉज गाड्यांच्या नंबरातच खूण आहे. फ्युरीचा नंबर 'पीके४१' ने सुरू झाला तर 'पी' म्हणजे फ्युरी, 'के' म्हणजे पोलीस आणि '४१' म्हणजे चार दारांची सेडान. मोनॅकोच्या बाबतीत तेच 'डीके४१' असे येते. दुसरे अक्षर 'के' नसेल तर वर कितीही दिवे फिरोत, गाडी पोलिसांसाठी कारखान्यातून निघालेली नाही. जाणता खरेदीदार आधी तो नंबर वाचतो, मग रंगाकडे बघतो.

आमचे मत स्पष्ट आहे. अशी गाडी बनवणे हे हलके काम नाही, चोरीचे तर मुळीच नाही. पण विकताना तिला 'बनवलेली' म्हणणे कारागिरावर आणि व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे. काहीजण म्हणतील, गिऱ्हाइकाने विचारले नाही तर आपण का सांगावे? आम्ही म्हणतो, त्याने विचारले नाही तेव्हाच सांगण्याला मोल आहे. न सांगता विकलेली गाडी एक दिवस जाणकाराच्या हाती जातेच. तो नंबर वाचतो आणि त्या दिवशी एका गाडीबरोबर त्या गॅरेजच्या सगळ्या गाड्या संशयात सापडतात. उलट जो बिलावर लिहून देतो की मूळ साधी सेडान, अमुक वर्षाची, अमुक भाग नवे, अमुक जुने, त्याची मजुरी लोक खळखळ न करता देतात. कारण तो आपल्या हाताची किंमत मागतो, खोट्या इतिहासाची मागत नाही.

आणखी एक अट आम्ही घालू. एखादी जुनी गाडी मूळ रंगासकट, मूळ सामानासकट हाती आली तर तिला पोलीस गाडी बनवू नये. ती जशी आहे तशीच ठेवण्यात तिचे मोल आहे. ज्या गाडीचा रंग, सीट, पट्ट्या आधीच गेल्या आहेत तीच या कामाला घ्यावी.

आपल्या वाचकांनी इथे कायद्याकडेही बघावे. कॅलिफोर्नियात पोलीस गाडीसारखी रंगवलेली गाडी बाळगण्यावर निर्बंध आहेत आणि इतर राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. म्हणून तिकडचे शहाणे लोक रस्त्यावर नेताना दिवे झाकतात आणि दारावर 'सेवेत नाही' अशी चुंबकी पट्टी लावतात. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच बजावले. सिनेमाच्या कामासाठी कोणी पोलीस गाडी रंगवून मागितली तर परवानगीचे कागद आधी हातात घ्यावेत. कागद नसतील तर काम सोडावे. दोन दिवसांच्या मजुरीसाठी वर्षांचे लचांड कोणी मागे लावून घेऊ नये.

मग या धड्याचा आपल्याला उपयोग काय? उपयोग मोठा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. त्यांच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० आठवा. तिच्या पहिल्या वर्षांच्या गाड्यांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. तिचीच पुढची आवृत्ती असलेली पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण तिचा पत्रा ठोकणारे, तिचे कुशन शिवणारे हात अजून आहेत. जुनी फियाट जशीच्या तशी उभी करून मागणारा गिऱ्हाईक त्यांच्याकडे आला तर ते काम हातोडीने पार पडेल, पण भाव मिळेल तो नोंदवहीने.

म्हणून आमचे सांगणे तीन गोष्टींचे आहे. कामाआधी, कामात आणि कामानंतर गाडीचे फोटो काढून ठेवा. काढलेला जुना भाग भंगारात न टाकता डब्यात घालून मालकाच्या हवाली करा. आणि बिलावर कोणता भाग मूळ, कोणता नवा, कोणता घरी घडवलेला, हे स्वच्छ मराठीत लिहा. उस्तादांनी शागिर्दांना हातोडी धरायला शिकवले, आता हे लिहायलाही शिकवावे. घरी घडवलेल्या भागाला 'घडवलेला' म्हणण्यात लाज कसली? तो घडवणारा हात आपला आहे. बिलावर त्याचे नाव असू द्या.