टोलमाफीचे बिल कोणाच्या नावावर?

उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याकडे जाणारा लाँचचा प्रवासी निमूटपणे तिकीट काढतो. पावसाळा आला की भाडे वाढते. ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि प्रवाशाला भरतीची वाट पाहत बसावे लागते. तरीही या भाड्यावरून कधी सरकार हादरल्याचे ऐकिवात नाही. शेजारच्या पनवेल तालुक्यातील टोलने मात्र राजकारणाची दिशाच बदलली.

शीव-पनवेल महामार्गावरील खारघर टोलनाक्याच्या प्रश्नावर आमदार प्रशांत ठाकूर यांनी २०१४ मध्ये काँग्रेस सोडली आणि भाजपच्या उमेदवारीवर ते पुन्हा निवडून आले. जानेवारी २०१५ मध्ये वसुली सुरू होताच स्थानिकांचा असंतोष उफाळून आला. रोजच्या कामासाठी नाका ओलांडणाऱ्यांनी टोल का भरावा, हा त्यांचा सवाल गैरवाजवी नव्हता. त्याच वर्षी १ जूनपासून राज्यातील १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटी बसना सूट मिळाली. कोल्हापुरात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या नेत्यांनी शहरांतर्गत टोलविरुद्ध प्रदीर्घ लढा दिला होता. तेथील टोलही २०१५ च्या अखेरीस रद्द करावा लागला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीची घोषणा होण्याच्या आदल्याच दिवशी, मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोलमाफी जाहीर झाली.

या निर्णयांचे स्वागत झाले, ते स्वाभाविकच होते. रस्त्याचा खर्च किती, वसुली किती झाली आणि ती कधी थांबणार, याचा विश्वासार्ह हिशेब नागरिकांसमोर येत नाही, हे टोलविरोधाचे मूळ आहे. लोकांचा राग पैसे देण्यापेक्षा या अपारदर्शकतेवर अधिक आहे. परंतु नाक्यावरची पावती बंद झाली म्हणून रस्त्याचा खर्च संपत नाही. कंत्राटदाराशी करार झालेला असतो, त्याला भरपाई द्यावी लागते. ती थेट तिजोरीतून जाते किंवा वसुलीची मुदत वाढवून दिली जाते. तिजोरीत तर ज्याच्याकडे मोटार नाही, त्याचाही पैसा असतो.

एसटीच्या प्रवाशाचेच उदाहरण घ्या. त्याच्या तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी कर अनेक वर्षे वसूल होत आला. जानेवारी २०२५ मध्ये एसटीची भाडेवाढ जवळपास १५ टक्क्यांची होती. हा कर तिकिटात विरघळलेला असल्याने दिसत नाही आणि जे दिसत नाही, त्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूने ही विषमता उरणच्या दारात आणून ठेवली. सुमारे २२ किलोमीटरच्या या सेतूवर मोटारीसाठी एकेरी २५० आणि परतीसह ३७५ रुपये टोल ठरला. हा दर जास्त असल्याची टीका लगेच झाली. पण चौघे मिळून गेले, तर परतीच्या दराने एका फेरीचा वाटा माणशी ४७ रुपयांच्या आसपास येतो. लाँचच्या प्रवाशाला असा वाटेकरी मिळत नाही. दुचाकीस्वाराला तर पैसे देऊनही सेतूवर प्रवेश नाही. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल धावू लागली, हा दिलासा खरा. पण दक्षिण मुंबईत जाणाऱ्याला खाडीचा वळसा घालूनच जावे लागते.

म्हणून टोल हवा की नको, एवढ्यापुरता हा वाद मर्यादित ठेवणे योग्य ठरणार नाही. प्रत्येक नाक्याची वसुली आणि उरलेली मुदत नाक्यावरच ठळकपणे लावली जावी. प्रत्येक माफीची किंमत अर्थसंकल्पात स्वतंत्रपणे दाखवली जावी आणि मोटारींच्या सवलतीवर जेवढा खर्च होतो, त्याच्याशेजारी एसटी व जलवाहतुकीवरील खर्चही मांडला जावा. मोरा बंदरातील गाळ काढण्यासाठी किती रक्कम ठेवली आणि टोलमाफीपोटी किती दिली, हे दोन आकडे एकाच पानावर आले, तर लोकमताचा कौल कदाचित वेगळा लागेल. मोटारमालकाचा आवाज सरकारपर्यंत पोहोचला आहे. भरतीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाचे म्हणणे ऐकणे अद्याप बाकी आहे.