विकलेल्या गेमचा मालक कोण?

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटार शर्यतींचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आला. एकट्याने खेळायचा म्हटला, तरी तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने हे सर्व्हर बंद केले आणि पूर्ण पैसे मोजून घेतलेला गेम कुणालाच सुरू करता येईना. पाठोपाठ अनेकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला.

गेमच्या चाहत्यांमधले वाद बाहेरच्यांना पोरखेळ वाटतात. कुठलं कन्सोल सरस, कोणत्या मालिकेचा नवा भाग फसला, यावरून तिथे रोज हमरीतुमरी होते, हे खरं. पण ‘द क्रू’वरून पेटलेला वाद ग्राहकाच्या हक्काचा आहे आणि त्यात चाहत्यांची बाजू न्याय्य आहे.

रॉस स्कॉट या यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. कंपन्यांनी सर्व्हर कायम चालवत ठेवावेत, असं तो म्हणत नाही. गाशा गुंडाळताना गेम खेळण्याजोगा ठेवून जा, एवढीच त्याची मागणी. या मागणीची युरोपीय आयोगाला दखल घ्यायला लावण्यासाठी वर्षभरात दहा लाख सह्या हव्या होत्या आणि बराच काळ त्या रखडल्या होत्या. ‘पायरेट सॉफ्टवेअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जेसन हॉल या गेम निर्मात्याने मोहिमेला उघड विरोध केला. मागणी मोघम आहे आणि तिचा फटका गेम बनवणाऱ्यांनाच बसेल, असं त्याचं म्हणणं. जून २०२५ मध्ये स्कॉटने त्याला सविस्तर उत्तर दिलं, मोठमोठे यूट्यूबर स्कॉटच्या बाजूने उतरले आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात दहा लाखांचा टप्पा पार झाला. महिनाअखेर मुदत संपली तेव्हा आकडा १४ लाखांच्या घरात होता.

कंपन्यांचे आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत. ‘व्हिडिओ गेम्स युरोप’ ही त्यांची संघटना म्हणते की, खेळाडूंनी स्वतः चालवलेल्या सर्व्हरवर माहितीची सुरक्षितता राखता येत नाही, आणि अनेक गेमची रचनाच मुळात ऑनलाइन असते. तयार गेम नंतर उकलून बदलणं खर्चिक आहे, यात शंका नाही. म्हणूनच गेम खेळण्याजोगा ठेवण्याचा नियम यापुढच्या गेमना लावावा. शेवट कसा करायचा, हे पहिल्या आराखड्यातच ठरलेलं असेल, तर हा खर्च आवाक्यात राहतो.

आणि हे जमतं. ‘नॉकआउट सिटी’ २०२३ मध्ये बंद करताना निर्मात्यांनी खेळाडूंना स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येईल अशी आवृत्ती दिली. खुद्द युबिसॉफ्टने टीकेनंतर ‘द क्रू २’ इंटरनेटशिवाय खेळता येईल, असं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं.

नव्वदच्या दशकातली, टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमची कॅसेट माळ्यावर सापडली, तर ती आजही लावून बघता येते. पैसे भरून डाउनलोड केलेल्या गेमची ही हमी नाही. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने, ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे हे स्पष्ट न सांगता ‘खरेदी करा’ म्हणायला डिजिटल विक्रेत्यांना मनाई केली. पण नुसत्या सूचनेने गेम वाचत नाही.

आपल्याकडे यासाठी पाया तयार आहे. सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा देणारी अट २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करारा’त मोडते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. आता त्याच प्राधिकरणाने विकत दिल्या जाणाऱ्या गेमसाठी दोन अटी घालाव्यात : गेम किमान किती वर्षं चालेल, हे पैसे घेण्याआधी सांगायचं, आणि सर्व्हर बंद करताना एक तर खेळता येईल अशी आवृत्ती द्यायची, नाही तर पैसे परत करायचे.